डोस किती, हे बाबांनाही ठाऊक हवं

टाइप १ डायबेटिस असलेल्या मुलाचे बाबा ‘मी मदत करतो की’ म्हणतात, तेव्हा बहुतेक घरांत त्याचा अर्थ एवढाच असतो : दुकानातून इन्सुलिन आणणं आणि दवाखान्यात नेणं. फार तर आईनं आकडा सांगायचा, बाबांनी टोचायचं. मी याला सहभाग म्हणणार नाही. आकडा ठरवणं हेच तर खरं काम.

आणि आणण्याचं काम तरी नीट होतं का? आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांत एका मिलीत ४० युनिट असतात, पेनच्या कार्ट्रिजमध्ये १००. सिरिंजही दोन : ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. ४० च्या बाटलीला १०० ची सिरिंज लावली की १० च्या खुणेला जेमतेम ४ युनिट जातात. मग साखर ३०० का, म्हणून पोरावर संशय, ‘चोरून काय खाल्लंस?’ उलटी चूक झाली तर १० च्या जागी २५. ती जिवावर बेतते. लेबल वाचल्याशिवाय काउंटर सोडू नका.

इंदुरातली सकाळ पोह्यांची. ४० ग्रॅम कोरडे पोहे म्हणजे सुमारे ३० ग्रॅम कार्ब, म्हणजे साखर वाढवणारी कर्बोदकं. डॉक्टरांनी १५ ग्रॅमला १ युनिट ठरवून दिलं असेल तर २ युनिट. साखर आधीच चढलेली असेल तर ती उतरवायचं, म्हणजे करेक्शनचं, वेगळं. ठेल्यावरच्या प्लेटचं वजन कुणी सांगत नाही, म्हणून घरी आठवडाभर काट्यावर मोजून डोळा तयार करावा. जिलबी लगेच चढते, शेवेच्या तेलामुळे उरलेली साखर रेंगाळत येते. जेवणाचं इन्सुलिन जलद असेल तर आधी १०-१५ मिनिटं, साधं (रेग्युलर) असेल तर अर्धा तास. जिलबी संपल्यावर आठवून उपयोग नाही.

रात्री २ ची तपासणी मात्र बाबांनी ठरलेल्या वारी पूर्ण घ्यावी. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, दिवसभर नाचलेल्या मुलाची साखर त्याच रात्री झोपेत घसरू शकते, कारण दमलेले स्नायू साठा भरून काढायला रक्तातली साखर ओढत राहतात. आधी मुलाचं बोट धुवा, गोड लागलेल्या बोटावर खोटा मोठा आकडा येतो. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण ३ चहाचे चमचे, पाण्यात. अगदी लहानग्याला कमी. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. मूल शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका : साखर चढवणारं ग्लुकागॉनचं इंजेक्शन असेल तर २५ किलोच्या आत अर्धा मिलिग्रॅम, वर १, आणि थेट हॉस्पिटल. एरवी ‘अगं, साठ आलीय, काय करू?’ म्हणून आईला उठवलं, तर ती रात्र तिचीच झाली.

आई चार दिवस माहेरी गेली की कळतं. तेव्हा फोनवर आकडा विचारायचा नाही. ताप आला, मूल जेवत नाही, तरी लांब चालणारं इन्सुलिन बंद करायचं नाही. साखर २५० च्या वर राहिली तर किटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साचणारी आम्लं) तपासायचे, उलट्या किंवा धापा टाकत श्वास दिसला तर सकाळची वाट पाहायची नाही. आणि मे महिन्यात पेन गाडीत विसरायचं नाही. उन्हात तापलेलं इन्सुलिन दिसायला तसंच असतं, काम मात्र करत नाही.