'एम.ए. समाजशास्त्र म्हणजे दोन वर्षं वाया': या मेसेजला माझं उत्तर

पदवीचे निकाल लागले की एक मेसेज दरवर्षी फिरतो. यंदा तो मला माझ्या चुलतबहिणीने पाठवला, कारण तिच्या मुलीला समाजशास्त्रात एम.ए. करायचंय. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: सगळ्यांना माहीत असलेल्याच गोष्टी तिथे अवघड शब्दांत शिकवतात, गाईड वाचून कोणीही पास होतं, पुढे नोकरी नाही, आणि मराठीतून केलं तर त्याला कुठेच किंमत नाही. मी हे एम.ए. केलंय, तेही मराठीतून, म्हणून लिहिते आहे.

पहिला मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, कारण बाकीचे त्याच्याच आधाराने उभे आहेत. लघुप्रबंधासाठी मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात प्रश्नावली घेऊन घरोघर फिरत होते. 'तुम्ही काय काम करता?' असं विचारल्यावर एक बाई म्हणाली, "मी काही नाही करत, घरीच राहतो." पुढच्या दहा-बारा घरांतही तेच उत्तर. मी मुकाट्याने लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच बाया डोक्यावर कापसाची गाठोडी घेऊन शेतातून परतताना दिसल्या. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी प्रश्नच बदलायला लावला: काल उठल्यापासून निजेपर्यंत काय काय केलं ते सांगा. मग निंदण, वेचणी, पाणी, सरपण, शेळ्या असं सगळं कागदावर उतरलं. जुन्या प्रश्नावर विसंबले असते तर गावातल्या कष्टकरी बाया मी बिनकामाच्या ठरवल्या असत्या. बाया शेतात राबतात हे गावात सगळ्यांना माहीत होतं, तरी माझ्या कागदावर ते आलं नव्हतं.

शेतकरी आत्महत्यांचंही तसंच. 'कर्ज झालं, जीव दिला' हे कोणीही सांगतं. आत्महत्येसारख्या अगदी खाजगी वाटणाऱ्या गोष्टीचं प्रमाणही समाजगटानुसार बदलतं, हे एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1897 मध्ये मांडलं. ते शिकल्यावर आपल्याकडचा आकडा कसा तयार होतो ते मी पहिल्यांदा नीट पाहिलं. नापिकी, बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज, वसुलीचा तगादा हे निकष लावून प्रकरण पात्र किंवा अपात्र ठरतं, आणि पात्र ठरलं तर घरच्यांना 1 लाख रुपयांची मदत. आता बटईने शेती करणारा, बिनपरवाना सावकाराकडून पैसे उचललेला माणूस घ्या. त्याच्या मागे ना सातबारा, ना कर्जाचा कागद. त्याच्या प्रकरणावर 'अपात्र' शिक्का बसला म्हणून त्याच्या घरात अडचण नव्हती असं होत नाही. आकडा दिसला की कोण मोजलं गेलं आणि कोण सुटलं हे विचारायचं, ही सवय मला संशोधन पद्धतीच्या पेपरने लावली. ती मला आधी नव्हती आणि मेसेज लिहिणाऱ्यालाही नसावी.

गाईड वाचून पास होता येतं, हे खरं आहे. मला त्याचं वाईट वाटतं. पण तो दोष परीक्षेचा आणि शिकवण्याचा आहे, विषयाचा नाही. याच एम.ए.त किती कसदार काम होऊ शकतं ते बघा. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग 1919 मध्ये पॅट्रिक गेडीस यांनी सुरू केला. पुढे तिथले प्राध्यापक गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली एम. एन. श्रीनिवास या नंतर नावाजलेल्या समाजशास्त्रज्ञाने म्हैसूरकडच्या लग्न आणि कुटुंबपद्धतीवर जो प्रबंध लिहिला, तो एम.ए.साठीचा होता. 1942 मध्ये त्याचं पुस्तक झालं.

नोकरीचा मुद्दा मला झटकून टाकता येत नाही. नेट किंवा सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास होऊनही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत, आणि त्यांची परवड मी जवळून बघते. पण 'कायम प्राध्यापकी मिळणं फार कठीण' आणि 'नोकरीच नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाहणी करणाऱ्या संस्थांना मुलाखत घेता येणारी, माहिती नीट लावता येणारी माणसं लागतात. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत समाजशास्त्र हा 500 गुणांचा वैकल्पिक विषय आहे. एक खबरदारी मात्र घ्या: समाजशास्त्र म्हणजे समाजकार्य नव्हे. जाहिरातीत एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, मागितली असेल तर आपलं एम.ए. तिथे चालेल असं गृहीत धरू नका.

मराठीबद्दल. नेटची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, आणि पुष्कळसं वाचन इंग्रजीत करावंच लागतं. मी पहिल्या वर्षी शब्दकोश जवळ घेऊनच बसायचे. यूपीएससीची मुख्य परीक्षा मात्र मराठीतून लिहिता येते. आणि त्या बाईचं 'घरीच राहतो' मला इंग्रजीतून कधी ऐकूच आलं नसतं.

भाचीला मी एवढंच सांगितलंय की, प्रवेश घेण्याआधी विभागात जाऊन ये. लघुप्रबंध करून घेतात का, मुलांना गावात-वस्तीत पाठवतात का, ते विचार. मागच्या वर्षीचे लघुप्रबंध ग्रंथालयात असतील, त्यातले दोन-तीन उघडून बघ. ती सोमवारी जाणार आहे.