डिजिटल रेशनकार्ड

स्टीम म्हणजे कॉम्प्युटर गेम विकणारं ऑनलाइन दुकान. एकाने तिथे घेतलेले गेम घरच्या बाकीच्यांनाही खेळता यावेत म्हणून 'स्टीम फॅमिलीज' ही सोय २०२४ साली आली. ती कोणी बनवली ते बनवो, नियम मात्र तहसील कचेरीतल्या एखाद्या अव्वल कारकुनाने लिहिले असावेत अशी माझी पक्की खात्री आहे. रेशनकार्डावर नाव चढवणं सोपं आणि उतरवणं अवघड, हे ज्याला कळतं त्याला यातलं सगळं कळेल.

स्टीमच्या अकाउंट डिटेल्समध्ये जा, फॅमिली मॅनेजमेंट उघडा, कुटुंब तयार करा, आमंत्रणं धाडा. पाच मिनिटांचं काम. पण डोकी सहाच, आपण धरून, आणि सगळी एकाच देशातली. नाशिकचा दादा आणि न्यू जर्सीची ताई एका कार्डावर बसत नाहीत, राखी पोचली तरी. आता मे महिन्यात राहायला आलेल्या भाच्याला मामाने उमाळ्याने जागा दिली आणि जूनमध्ये तो रुसून बाहेर पडला, तर तो आत आला त्या दिवसापासून वर्ष भरेपर्यंत ती जागा दुसऱ्या कोणाला मिळत नाही. भाच्यालाही तोवर दुसरं घर नाही. म्हणून उमाळा आवरा.

आधीच्या पद्धतीत अख्ख्या कपाटाला एकच किल्ली होती. मालकाने कुठलाही गेम उघडला की उसना खेळणाऱ्याला आवरतं घ्यायची सूचना. आता ते गेलं. तुम्ही शर्यत खेळा, तो शेती करो. मात्र एका गेमची प्रत एक, तर खेळणारा एक. दोन भावांना एकमेकांविरुद्धच खेळायचं असेल (आणि भावांना दुसरं काय हवं असतं?) तर दोन प्रती घ्या. 'फॅमिली' या शब्दावर भरवसा ठेवून एकच घेणारे बरेच असतात. शिवाय दुसऱ्या कंपनीचं खातं किंवा लाँचर (गेम उघडून देणारं वेगळं ॲप) मागणारे बरेच गेम वाटताच येत नाहीत. विकत घेण्याआधी स्टोअरच्या पानावर उजवीकडे 'फॅमिली शेअरिंग' ही खूण दिसते का बघा. नसेल तर पैसे तुमचे आणि गेमही फक्त तुमचा.

सगळ्यात कडू कलम फसवणुकीचं. तुमच्या प्रतीवर खेळताना कोणी लबाडी करून पकडला गेला, तर त्या गेममधून तोही बाद आणि तुम्हीही. चोराबरोबर संन्याशालाही फाशी. उपाय एकच: बारक्याला 'प्रौढ' करू नका, 'मूल' म्हणूनच नोंदवा. मग कोणते गेम दिसावेत, किती तास खेळावं हे तुमच्या हातात राहतं, आणि त्याला आपल्या मनाने कुटुंब सोडताही येत नाही. बारावीनंतर काय ते बघू.

क्लाउड गेमिंगचं खातं ही वेगळीच जात. तिथे गेम घरात नसतोच, तो कंपनीच्या कॉम्प्युटरवर चालतो; आपल्याकडे नेटवरून येतं फक्त चित्र. जीफोर्स नाऊसारख्या सेवेत बहुतेक गेम तुमचे तुम्हीच आणायचे, म्हणजे आचारी त्यांचा, शिधा आपला. वर एका खात्यावर एका वेळी एकालाच बसता येतं. पैसे भरूनही महिन्याला शंभर तास, म्हणजे दिवसाला तीन तास वीस मिनिटं. सुट्टीतल्या मुलांचं तेवढं नाश्त्याआधी होतं.

हे चित्र १०८०पी, म्हणजे फुल एचडी, हवं तर २५ एमबीपीएसचा (सेकंदाला २५ मेगाबिट) नेटचा वेग लागतो. हिशेब केला तर तासाला साधारण अकरा जीबी. ज्यांचं नेट मोबाईलच्या रोजच्या दोन जीबीवर चालतं त्यांचा खेळ अकराव्या मिनिटाला संपतो. वायफाय राउटरच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरच जोडा. २.४ वर मायक्रोवेव्हचाही मुक्काम असतो: स्वयंपाकघरात दूध तापायला ठेवलं की हॉलमध्ये गाडी कठड्यावर आदळते, आणि दोष जातो कंट्रोलरला.

सरळ वायर टाकलेली बरी. दहा मीटर कॅट सिक्स (नेटची केबल), सतरंजीखालून. केर काढताना ती निघते. तेव्हा कंपनीला फोन करून कोणाच्या सात पिढ्यांचा उद्धार करण्याआधी राउटरमागे वाकून लॅनचा, म्हणजे त्या वायरच्या जोडणीचा, दिवा लुकलुकतोय का ते बघा.