पहिलं पुस्तक फाइनमनचं नको

भौतिकशास्त्र स्वतःहून शिकू पाहणाऱ्याला सध्या एकच सल्ला सगळीकडून मिळतो. थोडक्यात तो असा: सरळ अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमनच्या व्याख्यानांचे तीन खंड उघडा, पाठ्यपुस्तकं परीक्षेसाठी असतात, त्यांच्या नादी लागू नका, संकल्पना कळल्या की गणितं आपोआप सुटतात, आणि समीकरणांची धास्ती असेल तर समीकरणंच नसलेलं पुस्तक घ्या. सल्ला देणाऱ्यांचं विषयावर प्रेम आहे, यात शंका नाही. पण तो मानून दोन महिन्यांत विषय सोडून दिलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी फाइनमन. ही व्याख्यानं मला अतिशय प्रिय आहेत. तरी ती कुणासाठी होती ते पाहा. 1961 ते 1963 या काळात कॅलटेक या अमेरिकेतल्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेतल्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर ती दिली गेली. ही निवडून घेतलेली मुलं होती, आणि व्याख्यानांच्या जोडीला त्यांना छोट्या गटांचे तास होते, गृहपाठ होता, प्रयोगशाळा होती. आपल्या हाती येतं ते त्यातलं फक्त व्याख्यान. गणितं कशी सोडवायची यावर पहिल्या वर्षी तीन व्याख्यानं झाली होती, ती तर त्या तीन खंडांत नाहीतच. वेगळं पुस्तक म्हणून ती 2006 मध्ये आली. आणि खुद्द फाइनमन प्रस्तावनेत काय लिहितात? बहुतेक विद्यार्थ्यांनी परीक्षेतले प्रश्न ज्या तऱ्हेने हाताळले ते पाहता हा प्रयत्न फसला, असं ते म्हणतात. एक-दोन डझन मुलांना मात्र जवळजवळ सगळं समजलं, असं त्यांच्या मित्रांचं म्हणणं होतं, तेही ते नोंदवतात. ज्यांच्यासमोर तो माणूस प्रत्यक्ष उभा राहून बोलत होता, त्यांची ही कथा. घरी एकट्याने वाचणाऱ्याला हेच पहिलं पुस्तक म्हणून देणं मला अन्यायाचं वाटतं.

क्रमही नवशिक्याचा नाही. पहिल्या खंडात न्यूटनचे नियम नवव्या प्रकरणात येतात, त्याआधी संभाव्यतेवर अख्खं प्रकरण होऊन गेलेलं असतं, आणि पंधराव्यात आइनस्टाइनची विशेष सापेक्षता सुरूही होते. विषय आधीपासून माहीत असणाऱ्याला ही मांडणी मोहवते. नवख्याला ती वाचताना सगळं कळल्यासारखं वाटतं आणि पुस्तक मिटल्यावर काहीच हाताला लागत नाही.

'पाठ्यपुस्तकं परीक्षेसाठी असतात.' वाईट पाठ्यपुस्तकं असतात, हे खरं. चांगलं कसं ओळखायचं, हा खरा प्रश्न आहे. माझी पद्धत सांगतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचं पान उघडा आणि टेबलावर ठेवलेल्या वस्तूबद्दल तिथे काय लिहिलंय ते वाचा. पृथ्वी वस्तूला खाली ओढते, टेबल तिला वर ढकलतं. दोन्ही बलं सारखी आणि विरुद्ध दिशांची. मग ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी झाली का? नाही. क्रिया-प्रतिक्रिया कधीच एकाच वस्तूवर नसतात. पृथ्वी वस्तूला ओढते, त्याची जोडी म्हणजे वस्तू पृथ्वीला वर ओढते ती. टेबल वस्तूला ढकलतं, त्याची जोडी म्हणजे वस्तू टेबलाला खाली दाबते ती. टेबल वर त्वरणाने जाणाऱ्या लिफ्टमध्ये ठेवा: टेबलाचं ढकलणं वाढेल, पृथ्वीची ओढ तेवढीच राहील. जोडी असती तर असं होऊच शकलं नसतं. जे पुस्तक इथे थांबून हा घोटाळा सोडवतं, त्याच्या लेखकाने नवशिक्यांना खरोखर शिकवलेलं असतं. जे 'प्रत्येक क्रियेला समान व विरुद्ध प्रतिक्रिया असते' एवढं चौकटीत छापून पुढे जातं, ते बाजूला ठेवा.

मग एखादं सोडवलेलं उदाहरण पाहा. गुळगुळीत उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याचं त्वरण g sin θ येतं (g म्हणजे मोकळ्या पडणाऱ्या वस्तूचं त्वरण, θ म्हणजे उताराचा कोन). उत्तराखाली दुहेरी रेघ मारून पुस्तक पुढे गेलं, की कोन शून्य केला तर त्वरण शून्य आणि 90 अंश केला तर g येतं, म्हणजे उत्तर पटण्यासारखं आहे, हेही त्याने दाखवलं? मी असं तपासून दाखवणारं पुस्तक घेईन. आकृती, छपाई, रंग या गोष्टी मला दुय्यम वाटतात. स्वाध्यायांची उत्तरं मात्र मागे हवीतच. एकट्याने शिकणारा दुसऱ्या कुणाला विचारणार?

'संकल्पना कळल्या की गणितं आपोआप सुटतात.' चेंडू सरळ वर फेका. सर्वांत उंच बिंदूवर त्याचा वेग क्षणभर शून्य होतो. त्या क्षणी त्वरण किती? प्रकरण मन लावून वाचलेले लोकही 'शून्य' म्हणतात. पहिल्यांदा मीही तेच लिहिलं होतं. वेग शून्य आणि त्वरणही शून्य असतं तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता! त्वरण पूर्ण वेळ 9.8 मीटर प्रति सेकंद वर्ग, खालच्या दिशेने. ही चूक वाचून सापडत नाही, पेन्सिल हातात घेतल्यावरच सापडते.

उलट बाजूही मान्य करायला हवी. हेस्टेनिस, वेल्स आणि स्वॅकहॅमर या अमेरिकन शिक्षक-संशोधकांनी 1992 मध्ये बल या संकल्पनेवर साध्या भाषेतली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. आकडेमोडीची गणितं नीट सोडवणारे अनेक विद्यार्थी असल्या साध्या प्रश्नांत अडखळतात, हे तिच्यामुळे ठळकपणे पुढे आलं. तेव्हा पुस्तकात दोन्ही प्रकारचे प्रश्न हवेत: आकड्यांचे, आणि 'का' विचारणारे.

समीकरणं नसलेल्या पुस्तकांबद्दल फार लिहीत नाही. ती गोडी लावतात, आणि तेवढं काम मोलाचं आहे. पण धास्ती वाटते तितकं गणित सुरुवातीला लागतही नाही. बीजगणित, थोडी त्रिकोणमिती आणि आलेखाचा चढ काढता येणं पुरतं; कॅल्क्युलस, म्हणजे सतत बदलणाऱ्या राशींचं गणित, वाटेत शिकता येतो. सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे 5 मीटर पडते, दुसऱ्यात 15, तिसऱ्यात 25. 1, 3, 5 हे विषम संख्यांचं प्रमाण गॅलिलिओने कॅल्क्युलस जन्माला येण्याआधीच मांडलं होतं. बेरीज करत जा: 5, 20, 45. अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हे समीकरण तुम्ही स्वतःच लिहाल.

आणि फाइनमन? साध्या पुस्तकातून गतिशास्त्र आणि न्यूटनचे नियम गणितांसकट झाले, की पहिल्या खंडाचं नववं प्रकरण उघडा. तिथे सूर्याभोवतीच्या ग्रहाची कक्षा नुसत्या आकडेमोडीने काढली आहे. सोयीसाठी निवडलेल्या एककांत ग्रह 0.5 अंतरावर, आडवा वेग 1.63, दर पायरीला काळ 0.1 ने पुढे. कोष्टक झाकून ठेवा आणि कागदावर स्वतः करा. वीसेक पायऱ्यांत ग्रह अर्धी फेरी पूर्ण करतो.