एका चेहऱ्यात अख्खी संस्कृती कशी बसवावी

परक्या मुलखात कॅमेरा घेऊन उतरलात की संस्कृती बघायला संग्रहालयात जाऊ नका. तिथे तिकीट पडतं, शिवाय पाट्या वाचाव्या लागतात. रस्त्यावर ती फुकट खेळत असते, उंची साधारण साडेतीन फूट. तिच्या आईला विचारत बसू नका, ती नाही म्हणू शकते.

लेन्स ८५ मिमी, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ १.८ इतकं मोठं. दीड मीटरवरून जेमतेम तीन सेंटिमीटरचा पट्टा शार्प येतो. पापण्या लख्ख, कान विरघळलेले, आणि मागचं मोबाइलचं दुकान, शाळेची बस, बापाची स्कूटर यांचं सोनेरी धुकं. हीच ती प्राचीन संस्कृती. भोक लहान करून एफ ८ ला जाऊ नका. मागचं सगळं दिसू लागेल आणि हे पोरगं तुमच्या पुतण्यासारखंच जगतं हे उघड होईल.

मुलं हलतात. शटर १/५०० सेकंदापेक्षा सावकाश ठेवलंत तर चेहरा फिसकटलाच समजा. त्याहून वाईट म्हणजे ती हसतात. कॅमेरा दिसला की दात काढून दोन बोटं वर. तोही फोटो काढून घ्या, निघताना कामाला येईल. मग कॅमेरा डोळ्याला लावून नुसते उभे राहा. थोड्या वेळाने हसू ओसरतं, हात खाली येतो, 'आता जाऊ का?' असा कंटाळा चेहऱ्यावर येतो. तो टिपा. प्रदर्शनात त्यालाच पिढ्यान्‌पिढ्यांची वेदना म्हणतात.

छातीवर कार्टून असेल तर फ्रेम हनुवटीशी कापा. मनगटावरचं घड्याळही बाहेर. नाकाला शेंबूड असेल तर मात्र आणखी जवळ जा.

एडिटिंगमध्ये सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, उतरवा; क्लॅरिटी, म्हणजे बारीक रेषांचा उठाव, ६० वर न्या. सात वर्षांच्या गालावर सत्तर वर्षांचं ऊन चढतं. फार ताणलंत तर केसांभोवती पांढरी कड उमटते, मग सरळ ब्लॅक अँड व्हाइट करा आणि तिला शैली म्हणा.

नाव विचारू नका. नावाने तो नुसता एक मुलगा होतो, बिननावाचा असला की देशाचा चेहरा. नावावाचून काही अडत नाही. पाकिस्तानातल्या निर्वासित छावणीत १९८४ साली टिपलेली हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी जून १९८५ मध्ये नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर आली. तिचं नाव जगाला कळलं २००२ मध्ये. मोबाइलने काढलेल्या फोटोत लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश फोटोच्या फाइलमध्ये आपोआप जातात. ते पुसण्याची तसदी घेऊ नका, पोराचं नाव नाही तरी दार सापडेल.

निघताना पोरगं स्क्रीन बघायला धावत येईल. त्याला तो दोन बोटांचा हसरा फोटो दाखवा. खूश होऊन 'हाच पाठवा' म्हणेल. हो म्हणा. कार्ड भरत आलं की आधी तोच उडवा.