राजम्याने पेशी जाग्या होतात, पण कुठे?

गेली काही वर्षं एक मजकूर थोड्याफार फरकाने सगळीकडे फिरतोय. त्यात म्हटलंय: कडधान्यांत लेक्टिन नावाचं विष असतं आणि सगळी लेक्टिनं सारखीच. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत पांढऱ्या पेशी भडकवायला राजम्याचाच अर्क वापरतात. म्हणजे रोज डाळ-उसळ खाणाऱ्याची प्रतिकारशक्ती कायम पेटलेली राहते; संधिवात, थायरॉइड, सोरायसिस यांचं मूळ तेच. डाळी बंद करा, औषधं सुटतील. मी रक्तपेशींचं कल्चर करते, म्हणजे त्या शरीराबाहेर वाढवते, आणि हा अर्क माझ्या रोजच्या कामातला आहे, म्हणून हे उत्तर. त्या मजकुरातलं एक वाक्य खरं आहे आणि बाकीचा सगळा डोलारा त्याच्याच आधाराने उभा केलाय.

ते वाक्य म्हणजे प्रयोगशाळेतलं. लेक्टिन म्हणजे साखरेला चिकटणारं प्रथिन; राजम्यातलं लेक्टिन म्हणजे फायटोहीमॅग्लुटिनिन, कामाच्या भाषेत पीएचए. आधी ते फक्त तांबड्या पेशींच्या गुठळ्या करून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायला वापरत. १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नॉवेल यांच्या लक्षात आलं की या अर्काच्या संपर्कात आलेल्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) चक्क विभाजित होताहेत. तोवर रक्तातल्या लिम्फोसाइट म्हणजे आयुष्य संपत आलेल्या, पुन्हा न वाढणाऱ्या पेशी असाच समज होता. गुणसूत्रं विभाजित होणाऱ्या पेशीतच नीट दिसतात, त्यामुळे या एका निरीक्षणाने थोड्याशा रक्तावरून माणसाची गुणसूत्रं पाहणं शक्य झालं. आजही डाउन सिंड्रोमच्या निदानासाठी बाळाचं रक्त येतं तेव्हा त्यात पीएचए घालून ते सुमारे तीन दिवस वाढवतात, आणि विभाजन ऐन मोक्यावर थांबवायला बहुधा कोल्चिसिन किंवा त्याच्या कुळातलं रसायन देतात. (कोल्चिसिनही वनस्पतीतलंच, आपल्या कळलावीच्या कंदात ते असतं.)

पेशीत घडतं ते असं. पीएचए टी-पेशीच्या (ही लिम्फोसाइटचाच एक प्रकार) पृष्ठभागावरच्या साखरयुक्त प्रथिनांना चिकटतं आणि त्यांना एकमेकांजवळ खेचतं. पेशीला वाटतं, आपल्या ग्राहकाला (पृष्ठभागावरच्या, जंतू ओळखणाऱ्या प्रथिनाला) जंतूचा तुकडा सापडला. आत कॅल्शियम वाढतं, इंटरल्यूकिन-२ हा वाढीचा संदेश देणारा रेणू तयार होतो, तो स्वीकारणारे ग्राहकही पृष्ठभागावर येतात, पेशी फुगते आणि दोन-तीन दिवसांत विभाजित होते. एखादा विशिष्ट जंतू ओळखणाऱ्या टी-पेशी लाखात मोजक्याच असतात. पीएचए मात्र कोण कशाला ओळखतो हे न बघता बहुतेक टी-पेशींना उठवतं. आणि तेही मोनोसाइटसारख्या मदतनीस पेशी सोबत असतील तर. अगदी शुद्ध केलेल्या टी-पेशी एकट्याच ठेवल्या तर त्याच अर्काला जेमतेम दाद देतात.

आता दुसरं वाक्य: ‘म्हणजे पोटात गेलेला राजमाही हेच करतो.’ इथे मजकूर बरंच काही गाळतो. कल्चरमध्ये घालतो ते न शिजवलेल्या बियांतून शुद्ध केलेलं प्रथिन. मिलिलिटरला काही मायक्रोग्रॅम, थेट पेशींवर, ३७ अंशांवर, दिवसचे दिवस. मध्ये आतड्याचं अस्तर नाही, यकृत नाही, वाहतं रक्त नाही. मात्रा वाढवत नेली तर प्रतिसाद वाढतच जातो असंही नाही. एका मर्यादेनंतर तो खाली येतो आणि पेशी मरू लागतात. म्हणून नव्या बाटलीतला अर्क आला की आधी योग्य मात्रा शोधावी लागते. जे काचेच्या नळीतही इतकं नेमकं जुळवावं लागतं, ते एका वाटी उसळीने शरीरात आपोआप जुळतं हे मानायला काही आधार हवा ना?

त्यात राजमा आपण कच्चा खात नाही. पीएचए हे प्रथिन आहे आणि उकळत्या पाण्यात त्याची घडी मोडते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिलेल्या आकड्यांप्रमाणे कच्च्या लाल राजम्यात या प्रथिनाची २०,००० ते ७०,००० एककं असतात, पूर्ण शिजलेल्यात २०० ते ४००. रात्रभर भिजवून, पाणी टाकून, कुकरला लावलेल्या राजम्यात पेशींना उठवण्याजोगं फारसं उरत नाही.

प्रामाणिकपणे सांगायचं तर काही लेक्टिनं आतडं ओलांडतात. शेंगदाण्याचं लेक्टिन, शेंगदाणे खाल्ल्यानंतर, माणसाच्या रक्तात सापडल्याची नोंद आहे. पण तिसऱ्या मुद्द्याचं, म्हणजे ‘सगळी लेक्टिनं सारखीच’ याचं उत्तर इथेच मिळतं. शेंगदाण्याच्या लेक्टिनला जी साखर हवी असते ती आपल्या बहुतेक टी-पेशींवर सिआलिक आम्लाखाली झाकलेली असते. कल्चरमध्ये आधी एन्झाइमने ते आवरण काढावं लागतं, मग कुठे पेशी जागी होते. अबईच्या कुळातल्या जॅक बीनमधलं कॉन्कॅनॅव्हॅलिन टी-पेशींना उठवतं, पोकवीड या अमेरिकी झुडपातलं मायटोजेन (पेशींना विभाजित व्हायला लावणारा पदार्थ) टी-पेशींच्या मदतीने प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींनाही. एरंडाच्या बीतलं रायसिन तर पेशीतली प्रथिननिर्मितीच बंद पाडून तिला मारतं. या सगळ्यांना एका नावाखाली घालून मूग-मसुरीला त्यांच्या रांगेत बसवणं चूक आहे.

सर्वांत जास्त नुकसान करणारं वाक्य शेवटचं: पेशी भडकतात, म्हणून आजार होतो. दवाखान्यात पीएचएचा उपयोग नेमका उलट अर्थाने होतो. टीबीच्या इंटरफेरॉन-गॅमा चाचणीत (पेशींनी सोडलेला हा रेणू तीत मोजतात) एका नळीत पीएचए असतं. रुग्णाच्या पेशींनी त्यालाही प्रतिसाद दिला नाही, तर नकारार्थी निकालावर विश्वास ठेवत नाहीत, कारण पेशीच दुबळ्या असू शकतात. वारंवार गंभीर संसर्ग होणाऱ्या तान्ह्या बाळात जन्मजात तीव्र प्रतिकारदोषाची शंका आली की त्याच्या लिम्फोसाइट पीएचएला कसा प्रतिसाद देतात ते तपासतात; निरोगी व्यक्तीच्या तुलनेत तो दहा टक्क्यांहूनही कमी आला तर ती फार गंभीर खूण. पीएचएला जोरदार दाद देणाऱ्या पेशी निरोगी माणसाच्या असतात. स्वप्रतिरोधी आजारात बिघडतं ते वेगळं: स्वतःच्याच एखाद्या ऊतीला ओळखणाऱ्या ठरावीक पेशी आवरत नाहीत. डाळी बंद केल्याने संधिवात बरा होतो असं नियंत्रित चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही. औषधं सोडली तर मात्र सांध्यांची झीज पुढे सरकते, आणि ती भरून येत नाही. तो फिरता मजकूर वाचून कुणी गोळ्या बंद केल्या असतील तर कृपया आजच डॉक्टरांशी बोला. ज्या घरात मांस-मासे शिजत नाहीत तिथे डाळ-उसळ काढून घेतल्यावर प्रथिनं कुठून आणायची, हेही तो मजकूर सांगत नाही.

राजम्याचा खरा धोका वेगळ्याच ठिकाणी आहे आणि त्याबद्दल कुणीच लिहीत नाही. कच्चे चार-पाच दाणेही एक ते तीन तासांत जोरदार उलट्या आणि जुलाब घडवू शकतात. हा त्रास पांढऱ्या पेशी भडकल्याचा नव्हे, प्रथिन आतड्याच्या अस्तराला चिकटल्याचा. मोड आलेले मूग कच्चे खातो तसा मोड आलेला राजमा खाऊ नका. मोडांनी तो निर्धोक होत नाही. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात थेट भिजवलेला राजमा टाकू नका, कारण आतलं तापमान उकळीपर्यंत गेलं नाही तर, ८० अंशांच्या आसपास, तो कच्च्यापेक्षाही जास्त बाधक ठरू शकतो. निदान पाच तास भिजवा, ते पाणी ओतून द्या, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा किंवा कुकरमध्ये दाणा बोटाने सहज चिरडेपर्यंत शिजवा.