‘गर्दी टाळा, गोळ्या टाळा’: या सल्ल्यानेच चिंतेचा आजार वाढतो

नाशिकमध्ये सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एन्झायटी म्हणजे मनाचा कमकुवतपणा, आधीच्या पिढीला ती नव्हती. छातीत धडधडलं तर खोल खोल श्वास घ्या, नाहीतर कागदी पिशवी तोंडाला लावा. गर्दी आणि प्रवास टाळा. आणि गोळ्या मुळीच नकोत, एकदा लागल्या की सुटत नाहीत. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण यातले काही सल्ले पाळल्यामुळे माणसाचा त्रास वर्षानुवर्षं लांबतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘मनाचा कमकुवतपणा’. द्राक्षं काढणीला आली आणि आभाळ भरून आलं, तर निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला रात्रभर झोप लागत नाही. ही काळजी झाली. माल गेला, पैसे हातात पडले की ती उतरते. आजारात ती उतरत नाही. माल गेला तरी मन दुसरा विषय शोधतं: मुलाची परीक्षा, बायकोचा खोकला, न उचललेला फोन. सहा महिने, बहुतेक दिवस हेच चाललं आणि जोडीला झोपमोड, आखडलेली मान, चिडचिड, थकवा असेल, तर तो चिंतेचा आजार समजून तपासायला हवा. मेंदूतली धोका ओळखणारी यंत्रणा कारण नसताना भोंगा वाजवते, इतकं सरळ आहे हे. थोडा भाग आनुवंशिक असतो, थोडा दीर्घ ताणाचा, थोडा लहानपणीच्या आघातांचा.

शरीरातली कारणंही असतात आणि ती आधी बघावी लागतात. थायरॉइड वाढलेलं असणं, रक्त कमी असणं, दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल, अंबड-सातपूरच्या रात्रपाळीतले सहा-सात कप चहा, या सगळ्यांनी अशीच धडधड होते. म्हणून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, साखर आणि ईसीजी करून घ्यायचे. छातीत दुखणं पहिल्यांदाच होत असेल, वय चाळिशीपुढचं असेल किंवा मधुमेह असेल, तर ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी बसू नका. आधी दवाखाना.

‘आधीच्या पिढीला नव्हती’. पॅनिक डिसऑर्डर, म्हणजे अचानक तीव्र भीतीचे झटके पुन्हा पुन्हा येण्याचा आजार, हे नाव अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानसूचीत १९८० साली आलं, त्रास त्याआधीचाच आहे. जीव घाबरा होणे, धास्ती घेणे, छातीत धडकी भरणे, पोटात गोळा येणे हे शब्द आपल्या आज्यांचेच ना?

‘खोल श्वास, कागदी पिशवी’. घाबरलेला माणूस आधीच गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, गरगरतं. त्यात आणखी मोठे श्वास घेतले की मुंग्या वाढतात आणि ‘आता संपलंच’ असं वाटतं. श्वास लहान आणि सावकाश हवा: हात पोटावर, नाकाने चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, पाच मिनिटं. पिशवी वापरूच नका. तो दम्याचा किंवा हृदयाचा झटका असला तर उरलासुरला ऑक्सिजनही कमी होतो. पॅनिकचा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरतो.

‘गर्दी आणि प्रवास टाळा’. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. समजा सीबीएस स्टँडवर सिटीलिंकच्या शहर बसमध्ये बसल्यावर झटका आला आणि माणूस खाली उतरला. दोन मिनिटांत बरं वाटलं. मेंदूने त्यातून धडा घेतला की बसमध्ये धोका होता, उतरलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी बस नुसती दिसली तरी धडधड. मग रिक्षा, मग सोबत कुणी असेल तरच रिक्षा, मग घर.

उपचार याच्या उलट दिशेने जातो. भीतीला ० ते १०० गुण देऊन शिडी आखायची. पहिली पायरी तीस गुणांच्या आसपासची: बसमध्ये न चढता थांब्यावर वीस मिनिटं उभं राहायचं. मग दुपारच्या रिकाम्या बसने दोन थांबे, मग द्वारका चौकापर्यंत, मग एकट्याने, शेवटी संध्याकाळच्या गर्दीत नाशिकरोडपर्यंत. भीती निम्म्यावर येईपर्यंत जागा सोडायची नाही आणि तीच पायरी आठवड्यात चार-पाचदा करायची. फसतं ते बहुतेक दोन कारणांनी. घरचे घाई करतात आणि एकदम वरच्या पायरीवर ढकलतात. किंवा माणूस हातात पाण्याची बाटली, खिशात ‘इमर्जन्सी’ गोळी घेऊन जातो, आणि मग वाचल्याचं श्रेय मेंदू बाटलीला देतो. सीबीटी या समुपदेशनात हेच बसवून घेतात, साधारण १२ ते १६ बैठकांत.

‘गोळ्या सुटत नाहीत’. इथे दोन वेगळ्या गोळ्यांची गल्लत झाली आहे. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन या चिंतेवर रोज घ्यायच्या गोळ्या, यांची चटक लागत नाही. एस्सिटालोप्राम बहुधा ५ मिलिग्रॅमपासून सुरू करून १० वर नेतात. पहिले आठ-दहा दिवस मळमळतं, बेचैनी उलट थोडी वाढते. नेमकी याच दिवसांत लोक गोळी सोडतात आणि ‘मला सूट झाली नाही’ म्हणतात. गुण दोन ते सहा आठवड्यांनी दिसतो. बरं वाटल्यावरही किमान सहा महिने ते वर्षभर चालू ठेवून, मग डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करायची असते. एकदम तोडली तर चक्कर येते, डोक्यात करंट लागल्यासारखं होतं. ते व्यसन नव्हे, घाई नडलेली असते.

अल्प्राझोलाम या झोपेच्या-शांततेच्या गोळीची गोष्ट वेगळी. ती लवकर शांत करते, म्हणूनच सवय लावते. साधारण दोन ते चार आठवड्यांपलीकडे ती नको, दारूबरोबर तर कधीच नको, आणि अनेक महिने घेतलेली एका दिवसात बंद केली तर फिट येऊ शकते. २०१४पासून ती शेड्युल एच१ या कडक नियमांच्या औषधयादीत आहे. चिठ्ठीशिवाय द्यायची नाही आणि विक्रीची नोंद वहीत ठेवायची, असा मेडिकलवाल्याला नियम आहे. शेजारणीची अर्धी गोळी मागून घेणं थांबवा.

त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. जाण्याआधी एका कागदावर लिहून न्या: झटका कधी आला, किती मिनिटं टिकला, तेव्हा काय चाललं होतं, चहा आणि दारू किती, आणि घरात कुणाला असा त्रास होता का.