छत्री आणि शेपूट: शॅग मलेटवर रागावलेल्या ताईंना उत्तर

ताई,

शॅग मलेट, म्हणजे डोक्यावर आखूड थर आणि मानेवर लांबी ठेवणारा केसांचा कट, त्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचली. तिथेच खाली दोन ओळी लिहायला बसले, पण उत्तर इतकं लांबलं की वेगळं टाकावं लागतंय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी तुमचेच शब्द देते:

‘शॅग मलेट सगळ्या प्रकारच्या केसांना शोभतो असं तुम्ही ठणकावून लिहिलंत. मी तुमचा लेख पार्लरमध्ये दाखवला, बाराशे रुपये मोजले आणि आता डोक्यावर छत्री, खाली शेपूट. सासूबाई म्हणतात झिपऱ्या आवर. मूळचे केस दाट, वेव्ही. दोन वर्षांपूर्वी स्मूदनिंग केलं होतं तेव्हा निदान खाली बसायचे तरी. असली परदेशी पुरुषांची खुळं आपल्या तेल लावणाऱ्या केसांसाठी नसतातच. त्रेचाळिसाव्या वर्षी हसं झालं. वर मुलगी म्हणते, मलाही हाच कट हवा.’

पहिल्या वाक्याचा गुन्हा कबूल. ‘सगळ्यांना शोभतो’ हे शब्द माझेच आणि ते चूक आहेत. लेखातून काढले. ठाण्यात अकरा वर्षं पार्लर चालवलं मी. गिऱ्हाईक खुर्चीत बसलेलं असताना असलं वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नसतं. लिहिताना समोर डोकं नसतं ना, मग हात सुटतो.

बाराशे रुपये परत आणता येणार नाहीत, पण ते कुठे बुडाले हे मला बहुतेक कळलंय. तुम्ही जाता जाता लिहून टाकलेल्या त्या स्मूदनिंगमध्ये, म्हणजे केमिकलनं केस सरळ करण्यात.

हिशोब करून बघा. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. दोन वर्षांचे झाले २४ ते ३० सेंटिमीटर. टाळूपासून मोजलं तर हा पट्टा हनुवटीच्याही खाली येतो. हे सगळे तुमचे खरे केस, दाट आणि लाटा असलेले. त्याच्या खाली लोंबतायत ते स्मूदनिंगवाले, इस्त्री केल्यासारखे सरळ. केराटिन काही महिन्यांत उतरतं, पण स्मूदनिंग किंवा रीबाँडिंग झालेला भाग कापेपर्यंत सरळच राहतो. केस लांब होते तोवर त्या सरळ टोकांचं वजन वरच्या लाटेला खाली ओढून धरत होतं, म्हणून तुम्हाला वाटत होतं की केस ‘बसतात’.

आता शॅगमध्ये सगळ्यात आखूड थर कुठे येतो? टाळूवर. तिथल्या बटांची सरळ टोकं गेली, वजन गेलं, लाट मोकळी झाली आणि केस वर उसळले. मानेवरची लांबी मलेटच्या नियमाप्रमाणे ठेवली, म्हणजे सरळ टोकं तिथे जशीच्या तशी राहिली. वर छत्री, खाली शेपूट. तुम्ही रागाच्या भरात लिहिलंत, पण वर्णन अगदी पाठ्यपुस्तकात छापावं इतकं नेमकं आहे.

कापणाऱ्या मुलीचा हात चांगलाही असेल. तिनं फोटोतलं तुमच्या डोक्यावर उतरवलं. ‘केमिकल काही केलंय का?’ हा प्रश्न तिनं विचारायला हवा होता. त्याआधी मी तो लेखात लिहायला हवा होता. मी काय लिहिलं? केसांच्या प्रकारांचे आकडे: टू-ए, टू-बी, थ्री-ए! हे आकडे आंद्रे वॉकर या अमेरिकन केशरचनाकारानं १९९०च्या दशकात रूढ केले, टीव्हीवरच्या ओप्रा विन्फ्रेचे केस करायचा तो. चांगली पद्धत आहे, पण ती केसाचं वळण सांगते. केस किती दाट, एकेक केस किती जाड, भोवरा कुठे, रंग-मेंदी-केमिकल काय झालंय, यातलं काहीच त्या आकड्यात नाही. आणि हा कट बसतो किंवा फसतो तो नेमका या बाकीच्या गोष्टींवर.

थोडं मागे जाऊन सांगते. शॅग म्हणजे डोकंभर थर, कपाळावर फ्रिंज म्हणजे आखूड झालर, टोकं मुद्दाम विस्कटलेली. मलेट म्हणजे पुढे आणि कानांवर आखूड, मानेवर लांब. दोन्हींचा संसार थाटला की शॅग मलेट. मलेटची मागची लांबी, पण पुढून मागे जाताना मध्ये थरांचा उतार, म्हणजे समोरून बघणाऱ्याला धक्का बसत नाही. त्याचंच आणखी रानटी भावंड म्हणजे वुल्फ कट.

तर मी जे लिहायला हवं होतं ते आता.

आधी पोनी बांधा आणि तिचा घेर शिवणकामाच्या टेपनं मोजा. पाच सेंटिमीटरच्या आत आला तर केस विरळ, दहाच्या वर गेला तर दाट. विरळ केसांना टाळूवरचे थोडे आखूड थर उचल देतात, हे खरं. पण थर वाढवत गेलात तर खाली उरतं काय? उंदराचं शेपूट. म्हणून विरळ केसांत थर दोन-तीनच, तळाची रेघ भरीव, आणि वस्तरा नको. थिनिंगची, म्हणजे केस पातळ करायची दातेरी कात्री तर त्या डोक्याच्या आसपासही फिरकू देऊ नका. भांग रुंद व्हायला लागला असेल तर फ्रिंज फार मागून घ्यायची नाही, नाहीतर कपाळ झाकायला गेलो आणि टाळू उघडी पडली असं होतं.

दाट केसांची गोष्ट उलटी, आणि तुमची तीच, म्हणून जरा जास्त बोलते. दाट, लाटा असलेल्या केसांत सगळ्यात आखूड थर गालाच्या हाडाच्या वर नेऊच नये. वजन काढायचं ते टाळूवरून नाही, कानामागून, आतल्या बाजूनं, कात्री उभी धरून टोकांत. पार्लरमध्ये काय होतं? दाट केस बघितले की थिनिंगची कात्री निघते आणि मुळाजवळून फिरते. त्या दिवशी डोकं हलकं वाटतं, तुम्ही खूश होऊन जाता. तीन आठवड्यांनी ते कापलेले बारके केस वाढतात, ताठ उभे राहतात आणि वरच्या केसांना आतून बाहेर ढकलतात. मग बाई म्हणतात, माझे केस अजून दाट झाले! दाट नाही झाले हो, आत खुंट उगवले. चाळिशीनंतर कानशिलाजवळ येणारे पांढरे केस तर बऱ्याचदा तारेसारखे असतात. ते आखूड कापले की सलाम ठोकत उभे.

कुरळ्यांना एकच सांगणं: कोरडे कापून घ्या. ओला कुरळा केस हनुवटीपर्यंत येतो आणि वाळला की गालावर जाऊन बसतो. ओल्यावर मोजून कापलेली फ्रिंज घरी जाईपर्यंत कपाळाच्या मध्यावर चढलेली असते. वस्तऱ्यानं कुरळ्याची टोकं पिंजून निघतात, पावसाळ्यात मुंबईच्या हवेत तर कापसाची गादी. पण एरवी हा कट खऱ्या अर्थानं कुणाचा असेल तर कुरळ्यांचाच. मुलायम सरळ केसांवर थरांच्या पायऱ्या दिसतात आणि रोज सकाळी ड्रायर हातात घ्यावा लागतो. त्यांनी सरळ स्टेप कट करावा आणि सुखानं राहावं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आणि भोवरा. याबद्दल परदेशी लेखांत असतं, आपल्याकडे मात्र भोवरा म्हटलं की एकच विषय: दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं. माझ्या खुर्चीत बसलेल्या कितीतरी जणींना दोन भोवरे होते आणि एकाच नवऱ्याच्या तक्रारी. पण कात्रीच्या दृष्टीनं भोवरा फार महत्त्वाचा. भोवऱ्यावरचे केस ज्या दिशेला वळतात त्याच दिशेला आखूड झाल्यावर उभे राहतात. दोन असतील तर दोन दिशांना. कपाळावर भोवरा असेल तर फ्रिंज दुभंगते, कितीही सेट करा. टाळूवर जोरकस भोवरा असणाऱ्यांनी तिथला थर किमान एक वीत तरी ठेवावा.

आता ‘परदेशी पुरुषांची खुळं’. परदेशी म्हणा, मान्य. पुरुषांची मात्र नाहीत. शॅग प्रसिद्ध झाला तो अमेरिकन नटी जेन फोंडामुळे. १९७१च्या ‘क्लूट’ या सिनेमासाठी न्यूयॉर्कच्या पॉल मॅकग्रेगर या केशरचनाकारानं तो कापला. पुढच्याच वर्षी ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीचा तो लालभडक, पुढे उभा आणि मागे मानेवर रुळणारा अवतार आला. तो कापला लंडनजवळच्या बेकनहॅममधल्या सुझी फसी नावाच्या मुलीनं. ती साध्या पार्लरमध्ये कामाला होती आणि बोवीच्या आईचे केस करायची! म्हणजे पुरुषांच्या मलेटची पणजी शोधायला गेलं तर आईच्या पार्लरवालीपाशी जाऊन पोचतो आपण. आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगते, बोवीनंही मासिकातला फोटोच दाखवला होता आणि कापल्यावर त्याचेही केस फोटोसारखे उभे राहिनात, लोळले. मग सुझीनं रंग दिला, सेटिंगचं द्रव्य लावलं, तेव्हा उभे राहिले. फोटोतल्या डोक्यावर काय काय थापलेलं असतं ते फोटोत दिसत नाही.

मलेट हे नाव तर कितीतरी नंतरचं, १९९४ मधल्या बीस्टी बॉइज या अमेरिकन बँडच्या एका गाण्यानं रूढ केलेलं. तेही चेष्टेनं. (मलेट म्हणजे आपला बोय मासा, पण तळायला घेऊ नका.) आणि बाहेरून आलेलं आपल्याला चालत नाही म्हणाल, तर साधना कट कुठून आला? ‘लव्ह इन सिमला’ १९६०चा. साधनाचं कपाळ मोठं दिसतं म्हणून हॉलिवूडच्या ऑड्री हेपबर्नसारखी फ्रिंज कापली. माझ्या आईच्या कॉलेजच्या फोटोत एका रांगेत चार साधना उभ्या आहेत.

तेलाबद्दल मात्र तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. रोज तेल लावून, चापून, घट्ट वेणी घालून कामाला जाणाऱ्या बाईनं हा कट करू नये. आखूड बटा वेणीत येत नाहीत, कपाळावरची तेलकट फ्रिंज घामात चिकटून बसते आणि मग दिवसभर टिकटॉक पिना. आठवड्यातून एकदा रात्री तेल, सकाळी न्हाणं, असं असेल तर काही अडत नाही, उलट दाट कोरड्या केसांची टोकं जरा वठणीवर येतात. गजराही माळता येतो. वरचे केस अर्धे घेऊन क्लचर लावा, त्याखाली गजरा. लग्नाकार्यात अंबाडा हवा असेल तर गंगावन आहेच की, आपल्या आज्यांनी ते काय मलेटसाठी आणलं होतं?

वयाबद्दल मी वाद घालणार नाही, कारण त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. सासूबाईंच्या झिपऱ्यांबद्दल मात्र एक: शॅग या शब्दाला मराठीत याहून नेमका प्रतिशब्द मला आजवर सापडला नव्हता. त्यांना माझा नमस्कार सांगा.

आता दुरुस्ती. टाळूला कात्री लावू देऊ नका, आणखी सारखं करायला गेलं की ते आणखी वर चढतं. शेपूट कापा. मानेवरची सरळ टोकं जितकी जाऊ द्याल तितकी. निदान चार-पाच सेंटिमीटर तरी. वर आणि खाली यांतलं अंतर कमी झालं की निम्मी छत्री तिथेच मिटते. कानामागचं वजन आतून काढून घ्या, कात्रीनं, थिनिंगनं नाही. केस धुतल्यावर टॉवेलनं खसाखसा पुसू नका, जुन्या सुती ओढणीत दाबून पाणी टिपा, थोडं लीव्ह-इन (न धुता तसंच ठेवायचं) कंडिशनर लावा आणि वाळेपर्यंत फणी लांब ठेवा. स्मूदनिंग पुन्हा करायचा मोह होईल. करू नका, वरच्या आखूड केसांवर केलंत तर ते कपाळावर झावळ्यांसारखे पडतील. आखूड थर दहा सेंटिमीटर वाढायला आठ ते दहा महिने लागतात. मधल्या काळात दर दोन महिन्यांनी फक्त खालून टोकं घ्यायची.

पुढच्या वेळी खुर्चीत बसाल तेव्हा फोटो दाखवायचा तर दाखवा, पण नंतर स्वतःच्या गालावर बोट ठेवून सांगा, ‘सगळ्यात आखूड बट वाळल्यावर इथे आली पाहिजे.’ आपण बायका काय म्हणतो? ‘लांबी तेवढीच ठेवा, फक्त शेप द्या.’ या वाक्याचा अर्थ कापणाऱ्या दहा जणी दहा तऱ्हांनी लावतात. मीही लावायचे.

राहिली तुमची मुलगी. तिच्या केसांबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. केमिकल नसेल आणि शाळेत दोन वेण्यांची सक्ती नसेल तर माझी हरकत नाही. पण आधी तिला खिडकीपाशी उजेडात बसवा, टाळूवरचे केस बोटांनी बाजूला करा आणि भोवरे मोजून मला कळवा.